महालातला वाडा, माडीवरची अभ्यासिका आणि माझं जुनं बिल

माडीवरच्या मधल्या खोलीत उत्तरेच्या भिंतीत शिरणाऱ्या तुळईच्या टोकाला पेचकस टेकवला आणि जरा दाब दिला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर ओढला तर टोकाला ओला भुगा, चहाच्या चोथ्यासारखा. तीच तुळई भिंतीपासून हातभर अंतरावर हातोडीने वाजवून पाहिली, तर खणखणीत आवाज आला. तिथे सागवान अजून इतकं टणक, की पेचकसाने धड ओरखडाही उमटेना. लाकूड म्हातारं झालेलं नव्हतं. भिंतीच्या पोटात जेवढं होतं तेवढंच कुजलं होतं.

खालून घरमालक काकांनी विचारलं, "काय म्हणते तुळई?"

"तुळई बरी आहे काका, भिंत आजारी आहे."

ओसरीवर त्यांच्या आई तांदूळ निवडत बसल्या होत्या. वय नव्वदीच्या अलीकडे, कान मात्र शाबूत. त्यांनी मान वर न करता सांगून टाकलं, "तुझ्या त्या पलस्तरानंतरच भिंती रडायला लागल्या बाप्पा."

तुझ्या म्हणजे माझ्याच. वीस-बावीस वर्षांपूर्वी इंजिनिअरिंग करून मी नुकताच बाहेर पडलो होतो आणि नागपूरच्या महाल भागातलं हे घर माझं तिसरं की चौथं काम. खालच्या मजल्यावरचा जुना चुन्याचा गिलावा भुसभुशीत झालाय म्हणून मी तो खरवडून काढला आणि सगळीकडे सिमेंटचं पलस्तर चढवलं. एकास चार माल, वर वॉटरप्रूफ पावडर. बिल काकांच्या फायलीत अजून आहे, खाली माझी सही. वाड्याची अभ्यासिका झाली, त्या कामात निम्म्याहून जास्त मेहनत त्या बिलातली कलमं एकेक करून उलटी फिरवण्यात गेली. जुन्या घराला नव्या वापराला कसं लावलं याच्या हकीकती बहुधा कौतुकाच्या सुरात लिहिल्या जातात. ही तशी लिहिता येणार नाही, कारण रोग लावणारा आणि औषध देणारा एकच.

वाडा कधीचा

आजींचं म्हणणं, वाडा भोसल्यांच्या अमदानीतला. महालातल्या दर जुन्या घराबद्दल हेच ऐकायला मिळतं आणि काहींच्या बाबतीत ते खरंही असेल. नागपूरचं राज्य इंग्रजांनी १८५४ मध्ये खालसा केलं, भोसल्यांचा राजवाडा त्यानंतर दहा वर्षांनी, १८६४ मध्ये जळला. म्हणजे आजींचं खरं धरायचं तर घर पावणेदोनशे वर्षांच्या आसपासचं. ट्रंकेतून जे कागद निघाले ते भावाभावांच्या वाटणीचे होते, बांधणीचा एकही नाही. मग भिंतींनाच विचारायचं ठरवलं.

मागच्या भागात विटा पातळ, जेमतेम दीड बोट जाडीच्या. लाकडाचे सांधे खुंट्या मारून बसवलेले. जिथे खिळे आहेत तिथे ते लोहाराने ठोकून केलेले, चौकोनी अंगाचे, एकाचं डोकं दुसऱ्यासारखं नाही. छताच्या कड्यांवर वाकसाचे, म्हणजे सुताराच्या तासणीचे, घाव हाताला लागतात. पुढच्या भागाची तऱ्हा वेगळी. विटा जाड, लाकूड करवतीने सरळ कापलेलं, वर इंग्रजी कवेलू, म्हणजे कौलं. रस्त्यावर आलेला सज्जा दोन लोखंडी गर्डरांवर तोललेला आहे. त्या गर्डरांवरचे हिरव्या ऑइलपेंटचे पाच-सहा थर आम्ही तारेच्या ब्रशने खरवडले, तेव्हा खालून उठावाची इंग्रजी अक्षरं निघाली: डॉर्मन लाँग अँड कंपनी, मिडल्सबरो.

ही अक्षरं म्हणजे जन्मदाखलाच. डॉर्मन लाँगचा कारभार सुरू झाला १८७५ मध्ये. पुढे १९३२ मध्ये सिडनीचा तो मोठा कमानी पूल उभा झाला तोही याच कंपनीने बांधलेला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी.आय.पी.) रेल्वे नागपुरात पोचली १८६७ मध्ये. त्याआधी असला गर्डर मुंबई बंदरातून बैलगाडीवर कोण आणणार? म्हणजे पुढची माडी आणि सज्जा निश्चित रेल्वेनंतरचा, कापसाच्या दिवसांतला. त्या काळात शहरात पैसा खेळायला लागला होता. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी इथूनच हाकेच्या अंतरावर, जुम्मा तलावाशेजारी सुरू झाली. कोणत्या पिढीने माडी चढवली हे कळायला मार्ग नाही, पण पैसा कोणत्या हवेतला होता हे कळतं.

आजींना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, "मागचं तर भोसल्यांचंच नं?"

"असू शकतं आजी."

"मग झालं."

घर ते गोदाम

मूळचं राहतं घर वाटण्यांनी तुटत गेलं आणि खालच्या खोल्या भाड्याने गेल्या. इथे विदर्भाचा एक वेगळा मुद्दा आहे, जो पुण्या-मुंबईच्या वाचकाला बहुधा ठाऊक नसतो. तिकडे १९४७ चा मुंबई भाडे कायदा, तर आमच्याकडे १९४९ चा सी. पी. अँड बेरार (मध्य प्रांत आणि वऱ्हाड) भाडे नियंत्रण आदेश. राज्य बदललं, नागपूरचं राजधानीपण गेलं, विदर्भ १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तरी हा आदेश चालूच राहिला. शेवटी १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि तो गेला. त्या आदेशाचं तेरावं कलम जुन्या नागपूरच्या घरमालकांना पाठ असे: भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस द्यायची तर आधी रेंट कंट्रोलरची परवानगी. भाडं वर्षानुवर्षं जागचं हलत नव्हतं, त्यामुळे कवेलू फेरण्यापुरतेही पैसे त्यातून सुटत नव्हते. महालातले किती वाडे पावसाने पडले आणि किती भाड्याने, हा हिशोब कुणी मांडलेला नाही. माझा कौल भाड्याकडे आहे.

शेवटचा भाडेकरू इतवारीतला एक व्यापारी. त्याने खालच्या तीन खोल्या गोदाम म्हणून वापरल्या. मालाची पोती भिंतींना लावून छतापर्यंत रचली जायची. हवा खेळायला जागा नाही, खिडक्या आतून फळ्या ठोकून बंद. गिलावा भुसभुशीत झाला तो या काळात. व्यापाऱ्याने तक्रार केली, काकांनी मला बोलावलं, आणि मी वर सांगितलेला पराक्रम केला. त्या वेळी पोती हलवून खिडक्या उघडा, एवढंच सांगितलं असतं तर पुरलं असतं. पण इतकंच सांगणाऱ्या इंजिनिअरला फी कोण देतो?

व्यापारी पाचेक वर्षांपूर्वी जागा सोडून गेला. कळमन्याकडे मोठं गोदाम मिळालं. वाडा रिकामा झाला, मागच्या दोन खोल्यांत काका, काकू आणि आजी तेवढे उरले.

पुढे काय करायचं

पर्याय चार होते. पहिला बिल्डरचा, पाडून फ्लॅट. काकांचे दोन चुलतभाऊ त्याच बाजूचे, आणि त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. वारसा यादीत हा वाडा नाही, पाडायला कायद्याची आडकाठी नव्हती. गल्ली मात्र इतकी अरुंद की नियमाने मोकळी जागा सोडून जे बांधकाम मिळालं असतं त्यात तीन भावांचे वाटे बसेनात. वाडा वाचला तो मुळात गल्लीच्या रुंदीमुळे.

दुसरा पर्याय हॉटेलचा. जुन्या वाड्यात झणझणीत सावजी जेवण, वर पाटी 'हेरिटेज'. एक जण खरोखर विचारायला आला होता. सावजीची तर्री मला प्रिय आहे, पण तिच्यासाठी लागणारी भट्टी, धुराडं, तेलाची वाफ आणि दिवसभर वाहणारं पाणी सागवानी कडीपाटाखाली, म्हणजे कड्या आणि फळ्यांच्या लाकडी छताखाली, आणणं मला पटेना. तिसरा पर्याय लग्नकार्याचा हॉल. दोनशे माणसं एकदम माडीवर चढली तर काय होईल, या विचारानेच तो सोडला.

चौथा काकूंच्या तोंडून आला. शेजारच्या गल्लीत दहा बाय दहाच्या खोल्यांत तीन-तीन मुलं राहतात, गडचिरोलीची, गोंदियाची, भंडाऱ्याची. एमपीएससीची, पोलीस भरतीची तयारी करतात. खोलीत पंखा एक आणि अभ्यासाचे विषय तीन. दुपारी देवळाच्या सभामंडपात पुस्तक घेऊन बसलेल्या पोरी काकू रोज बघायच्या. "त्यांना बसायला जागा द्या नं," एवढंच त्या म्हणाल्या.

तशी नागपूरच्या इमारतींना नोकरी बदलायची सवय आहे. इथे उच्च न्यायालय आलं १९३६ मध्ये. हेन्री मेड यांनी आखलेली घुमटाची नवी इमारत १९४० मध्ये उघडली आणि न्यायालय तिथे गेलं. जुन्या हायकोर्टाच्या इमारतीत आज पुरातत्त्व सर्वेक्षणाची कार्यालयं आहेत, जिथे खटले चालायचे तिथे खापरांचे तुकडे मोजले जातात. विधान भवनाचं तर याहून नवल. कधीकाळी ते पूर्ण मध्य प्रदेश राज्याच्या विधिमंडळाचं घर होतं. १९५६ मध्ये राजधानी भोपाळला गेली, आणि १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरलं होतं म्हणून आता हिवाळ्यात काही आठवडे त्याला जाग येते. एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद पडली. तिच्या जागेवर मॉल आहे, त्याचं नावही एम्प्रेसच. या तिघांत इमारतीला काय मानवेल हे कुणी तिला विचारून ठरवलं नव्हतं. सरकार हललं, धंदा बुडाला, तसे वापर बदलले. आमच्या हाती थोडा वेळ होता, म्हणून उलट्या बाजूने सुरुवात केली. वाड्याला काय झालंय ते आधी बघायचं आणि त्यावरून त्याला कोणतं काम झेपेल ते ठरवायचं.

भिंतीचं दुखणं

जुन्या भिंतीला पायाखाली ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी विटांच्या अंगाने वर चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. दोन फूट जाडीची भिंत हे पाणी सोसू शकते, अट एकच, ते बाहेर पडायला वाट पाहिजे. चुन्याच्या गिलाव्याला बारीक छिद्रं असतात. ओल त्यातून उडून जाते, सोबत आलेले क्षार गिलाव्यात जमतात, गिलावा काही वर्षांनी भुसभुशीत होतो आणि तो बदलायचा असतो. गिलावा झिजतो तो भिंतीच्या वाटचं झिजणं अंगावर घेऊन. मी तो भुसभुशीतपणा हाच रोग समजलो.

सिमेंटच्या पलस्तराने वाट बंद झाली. मग पाणी आणखी वर चढलं, पलस्तर संपतं तिथवर, म्हणजे माडीच्या जमिनीपर्यंत. तिथे तुळयांची टोकं भिंतीत बसवलेली. लाकडाने ते पाणी प्यायलं. इकडे पलस्तराच्या मागे लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा फुलोरा, फुलत राहिला. क्षारांचे स्फटिक वाढताना विटेचा पापुद्रा उचलतात. आम्ही पलस्तराचा पहिला तुकडा छिन्नीने उचकटला तेव्हा मागची वीट बोटाने कुस्करता येत होती आणि पलस्तर मात्र दगडासारखं. वीस वर्षांत त्याला तडासुद्धा गेला नव्हता. माझं काम पक्कं होतं, दुर्दैवाने.

याला खास नागपुरी जोड होती कुलरची. ज्या ज्या खिडकीत कुलर बसत आला तिच्या खालची भिंत सर्वांत खराब. उन्हाळ्याचे तीन-चार महिने टाकीतून, ताटीतून पाणी ठिबकत राहायचं, आणि मग चार महिने पाऊस. अशा भिंतीला कोरडं व्हायला वर्षातले चार-पाच महिने मिळणार, तेही थंडीचे.

दर्शनी कोपऱ्यातली तिरपी भेग ही वेगळी गोष्ट. तिच्यावर तीन ठिकाणी काचेच्या पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवल्या आणि पेन्सिलने तारीख घातली. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आधी एकही काच फुटली नव्हती. जून उजाडेपर्यंत दोन तडकल्या होत्या. ऑगस्टच्या शेवटी पाहिलं तर तडकलेल्या काचेच्या कडा पुन्हा एकमेकींना टेकलेल्या. काळी माती! उन्हाळ्यात आक्रसते, पावसात फुगते, वरचं घर तिच्यासोबत श्वास घेतं. चुन्याची भिंत इतकं हलणं सहन करते, सिमेंटची करत नाही. पाया खचला म्हणून काँक्रीटचं जॅकेट घाला, असं एका सल्लागाराने सुचवलं होतं. आम्ही तो खर्च टाळला. कोपऱ्यावर पडणारी पन्हाळीची धार फक्त नळीने गल्लीच्या नालीपर्यंत नेली. पुढच्या उन्हाळ्यात नव्या तीन काचांपैकी एकच तडकली.

पुस्तकं खाली, माणसं वर

अभ्यासिका म्हटल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर भिंतभर कपाटं येतात. काकांचीही कल्पना तीच: माडीवर ग्रंथालय. आकडे त्याला मानेनात. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात राहत्या खोलीच्या जमिनीवर चौरस मीटरला साधारण २०० किलो वजन धरायला सांगितलंय. पुस्तकांच्या कपाटांची खोली असेल तर ते ६०० च्या घरात जातं. कागद हे फार जड प्रकरण आहे, घर बदलताना पुस्तकांचं खोकं उचलणाऱ्याला ते कळतं. कडीपाट घरासाठी बांधलेला. त्याच्यावर तिप्पट ओझं कशाला?

म्हणून पुस्तकं खाली ठेवली, पुढच्या खोलीतल्या फरशीवर. तिथे खाली माती, कितीही वजन चालतं. त्यांनाही भिंतीपासून वीतभर लांब, पायांवर उभं केलं. गोदामाच्या पोत्यांनी शिकवलेला धडा होता. माडीवर फक्त टेबलं आणि माणसं. त्यातही मधल्या खोलीत ओळी कमी केल्या, कारण तिथल्या चार तुळया दुरुस्त केलेल्या आहेत. त्यांची कुजलेली टोकं कापली आणि नवा सागवानी तुकडा दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या लावून बोल्टाने जोडला. तो तुकडा नवा म्हणायचा एवढंच. लाकडाच्या टालावर जुन्या घरांचे वासे विकायला येतात, तिथून आणला. त्याच्या एका बाजूला निळा ऑइलपेंट होता आणि पाळण्याची कडी अडकवायचं भोक. कुणाचं तरी घर पडलं तेव्हा या घराची तुळई उभी राहिली.

जिन्याने सर्वांत जास्त त्रास दिला. जुना जिना भिंतीच्या जाडीतच काढलेला, चढाला उभा, वर जाणारा आणि खाली येणारा समोरासमोर आले तर एकाने मागे फिरायचं. घरात हे चालून गेलं. साठ मुलं बसणार असतील तर चालणार नाही. आग लागली तर काय, हा प्रश्न लाकडाच्या माडीखाली उभं राहून विचारला की त्याला वेगळीच धार येते. राज्याचा २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा आहेच, पण तो नसता तरी मी दुसरा जिना केलाच असता. तो वाड्याच्या आतल्या चौकात केला, लोखंडी, स्वतःच्या चार पायांवर उभा. वाड्याला फक्त शेवटची पायरी टेकते. काढायचा झाला तर एका दिवसात निघेल.

स्वच्छतागृहं परसात, वेगळ्या छोट्या बांधकामात. वाड्याच्या आत पाण्याचा एकही नळ नाही. मुलींना रात्री परसात जावं लागणार म्हणून काकू हट्टाला पेटल्या आणि चौकापासून तिथवर छत, दिवे आणि आतून कडी लागणारा वेगळा दरवाजा करून घेतला. हा खर्च माझ्या अंदाजात नव्हता. आज मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त आहे, आणि त्याचं श्रेय कडीपाटाला नसून त्या छताला आहे.

विजेच्या तारा भिंत न खोदता वरून पाइपांतून नेल्या. मोठे कुलर चौकात लोखंडी घोडीवर बसवले आणि पत्र्याच्या नळीने गार हवा आत सोडली, म्हणजे ठिबकणारं पाणी चौकाच्या फरशीवर पडतं. एसी लावा म्हणून मुलं मागे लागतात. पण बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा असताना मागच्या जुन्या खोलीत नुसत्या पंख्याखाली बसवतं, हे त्यांनीच शोधून काढलंय. मे महिन्यात त्या खोलीतल्या जागेवरून भांडणं होतात.

देवघर तसंच ठेवलं. आजींची अट होती आणि त्यावर चर्चा नव्हती. तेलाचा दिवा मात्र पितळी समईतून काचेच्या हंडीत गेला. त्याला त्यांनी आठ दिवस घेतले.

मिस्त्रींचा चुना

चुन्याचं काम येणारा माणूस शोधण्यात दोन महिने गेले. शेवटी रामटेककडचे एक मिस्त्री मिळाले, सत्तरीचे, देवळांच्या डागडुजीवर आयुष्य काढलेले. त्यांनी आल्याबरोबर माझा कागदावरचा वेळापत्रकाचा तक्ता पाहिला आणि घडी करून परत दिला. "सिमेंटवानी दुसऱ्या दिवशी चढत नाई ते साहेब. थांबा लागते."

कटनीचा कळीचा चुना मागवला. परसात खड्डा करून तो पाण्यात फोडला. पाण्याला उकळी फुटली, तेव्हा मिस्त्रींनी सगळ्या रेजांना, म्हणजे मजूर बायांना, लांब उभं केलं, कारण एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जातो. मग महिनाभर तो मुरत पडला, वर बोटभर पाणी. त्यात विटकरीची भुकटी आणि कन्हानची रेती. गूळ आणि बेलफळाचा गर भिजवलेलं पाणी मिस्त्री स्वतः घालायचे, मापं कुणाला सांगायचे नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "हाताले समजते." इंजिनिअर म्हणून हे उत्तर मला चालत नाही. मी गुपचूप तीन घाण्यांची मापं टिपून घेतली. तिन्ही वेगळी निघाली. हवा वेगळी होती, रेतीची ओल वेगळी होती. त्यानंतर मी टिपणं सोडून दिलं.

जुनं सिमेंट काढणं हे लावण्यापेक्षा महाग पडलं. मशीन लावली की विटा हादरत, म्हणून सगळं छिन्नी-हातोडीने. एका भिंतीला तीन आठवडे. पलस्तर निघालेल्या भिंती एक पूर्ण उन्हाळा उघड्या ठेवल्या, वाळायला. या काळात काकांच्या चुलतभावांनी येऊन पाहिलं आणि पैसे संपले का म्हणून विचारलं. उघड्या विटांचं घर बघून वाटायचंही तसंच. गिलावा त्या पावसाळ्यानंतर चढला, पातळ तीन थरांत, प्रत्येक थर पुरता धरल्यावर पुढचा.

सुरू झाल्यावर

अभ्यासिका उघडून आता दोन पावसाळे झाले. नव्या गिलाव्याच्या भिंतींवर लोणा आलेला नाही. खालच्या पुढच्या खोलीतल्या एका कोपऱ्यात पोपडे धरले. उकरून पाहिलं तर हातभर सिमेंट काढायचं राहून गेलं होतं, रंगाखाली लपलेलं.

एक फजिती अंदाजात आली नव्हती. चुन्याचा हात दिलेल्या भिंतीला टेकून बसलं की शर्टाला पांढरं लागतं. पहिल्याच आठवड्यात एका पोराने नोटीस बोर्डावर लिहिलं: 'काका फी पण घेतात आणि चुना पण लावतात.' काका चिडले, मला फोन केला, मग दोघंही हसलो. भिंतीला ऑइलपेंट मारा, असं तीन वेगवेगळ्या लोकांनी सुचवलं. तो मारला असता तर पुन्हा त्याच वाटेवर गेलो असतो. टेबलं सहा इंच पुढे ओढली आणि खांद्याच्या उंचीला सागवानी पट्टी ठोकली, पाठ तिला टेकते.

तान्ह्या पोळ्याला मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते तेव्हा अभ्यास बंद असतो. त्या दिवशी गल्लीत पाय ठेवायला जागा नसते, आणि सज्जावर किती पोरं एकदम उभी राहतील याची मला धास्ती. गर्डर भक्कम आहेत, त्यांच्यामधला लाकडी पाट तितका नाही. यंदा सज्जाचं दार कुलूप लावून बंद ठेवलं, चावी आजींकडे. पोरांनी त्यांच्याकडे जाऊन गूळ-पोळी खाल्ली आणि चावी मागितली. मिळाली नाही.

फीमधून वीज, सफाई आणि देखभालीचा खर्च निघतो. काकांच्या चुलतभावांना वाट्यापोटी जे द्यायचं ठरलं ते हप्त्याने चाललंय. त्यात फ्लॅटइतका पैसा नाही आणि तसं कुणी भासवतही नाही.

पश्चिमेची भिंत अजून माझ्या जुन्या पलस्तराखालीच आहे. पैसे तिथवर पुरले नाहीत. ती शेजाऱ्यासोबत सामाईक आहे, त्यामुळे त्यांची संमतीही लागणार होती, ती आता मिळाली. गेल्या सप्टेंबरात तिच्यावर लोणा आलेल्या भागाची रेघ कुठवर आली ते पेन्सिलने मांडून ठेवलं होतं. यंदा रेघ चार बोटं वर आहे. दिवाळीनंतर काम काढायचं ठरलंय. मिस्त्रींचा निरोप आला आहे की खड्डा आत्ताच करून चुना भिजवा, आणि काकांनी फायलीतून ते जुनं बिल काढून माझ्यासमोर ठेवलं, त्यातलं पश्चिमेच्या भिंतीचं माप उतरवून घ्यायला.